ट्रंकेत दोरी ठेवली का?

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाची धावपळ संपते आणि मग एके दिवशी सकाळी धर्माबादच्या रेल्वे स्टेशनवर एखादं सगळं कुटुंबच उभं दिसतं. बाबांच्या हातात बॅग, भावाच्या डोक्यावर ट्रंक, आईकडे डब्यांची पिशवी आणि मधे थोडी हसरी, थोडी रडवेली ताई. ताई नर्सिंगला निघालेली असते. कुणी नांदेडला, कुणी लातूरला, कुणी आणखी लांब. नांदेड तसं जवळच, सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. पण ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रीची. रोज गाडीने जाऊन-येऊन हे शिक्षण निभत नाही. म्हणजे होस्टेल आलंच!

ट्रंकेत काय काय असतं? गणवेशाचे जोड, बंद बूट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ (नाडीचे ठोके मोजायला ते लागतंच), वह्या, शेंगदाण्याची चटणी आणि गाव धर्माबाद म्हटल्यावर बरणीभर लाल तिखट. आपल्या मिरचीबाजाराचं नाव लांबवर आहे, आणि होस्टेलच्या मेसमधली भाजी कुठेही फिकीच असते! ती बरणी पहिल्या आठवड्यातच साऱ्या मैत्रिणींची लाडकी होते.

एक वस्तू मात्र बहुतेक ट्रंकांमध्ये नसते. दोरी. कपडे वाळत घालायची असते हो, मी म्हणते ती उड्या मारायची!

"दोरी? ती काय लहान आहे का आता? आणि दिवसभर वॉर्डात धावपळ करून आल्यावर आणखी उड्या कशाला मारायच्या गं माय?" असं आई म्हणणार. आईचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. पण मुलामुलींनो, आधी एक छोटासा प्रयोग करून पाहा, मग आपण आईकडे वळू.

घरातली जाड, घट्ट उशी जमिनीवर ठेवा. तिच्याजवळ गुडघ्यांवर बसा. एका तळहातावर दुसरा तळहात ठेवा, कोपरं ताठ ठेवा आणि उशी खाली दाबा, सोडा, दाबा, सोडा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा. दर वेळी उशी पाच-सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. घड्याळ लावा आणि दोन मिनिटं न थांबता करा. (उशीवरच हं! जिवंत, धडधाकट माणसाच्या छातीवर गंमत म्हणूनसुद्धा करायचं नाही.)

काय झालं? पहिली तीस सेकंदं मजा वाटली असेल. मिनिटभरानंतर खांदे भरून आले असतील. दीड मिनिटाला हात हळू पडायला लागले असतील, आणि दोन मिनिटं पुरी करणारा घरात एखादाच निघाला असेल. माणसाचं हृदय अचानक बंद पडलं की छाती अशीच दाबावी लागते. त्याला सीपीआर म्हणतात. नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो शिकावा लागतो. चांगला तयार माणूसही दमतो, म्हणून नियमच असा आहे की दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. दोन मिनिटांत २०० ते २४० वेळा! हात हळू पडले तर मेंदूला रक्त कमी पोचतं. पुस्तकातलं सगळं पाठ आहे पण दंडात ताकद नाही, असं झालं तर त्या वेळी पुस्तक काय कामाचं?

म्हणून मी म्हणते, नर्सच्या हातात थर्मामीटर असतो, सिरिंज असते, तसंच तिचं शरीर हेही तिचं एक हत्यारच. आणि हत्याराला धार लावावी लागते.

नर्सिंगमध्ये नेमकं काय शिकवतात, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसतं. इंजेक्शन द्यायचं आणि औषधाच्या गोळ्या वाटायच्या, एवढंच डोळ्यांसमोर येतं. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग असे निरनिराळे अभ्यासक्रम आहेत. कोणताही घेतला तरी सुरुवातीच्या धड्यांत एक असतो अंथरूण घालण्याचा! हसू नका. सुरकुती न पाडता चादर घालायची, चारही कोपरे ठरावीक पद्धतीने दुमडायचे, आणि तेसुद्धा कधी कधी पेशंट त्याच पलंगावर असताना. एका वॉर्डात वीस-तीस पलंग असले, तर किती वेळा वाकायचं ते मोजा. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर त्याच्या पाठीला, टाचांना जखमा होतात. दवाखान्यात त्यांना बेडसोअर म्हणतात. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून एक्स-रेच्या टेबलावर. पेशंट काही मिरचीचं पोतं नाही. तो घाबरलेला असतो, मधेच हिसका देतो, मधेच गळ्याला मिठी मारतो.

इथे विज्ञानाच्या तासाची आठवण काढू. तरफ शिकला आहात ना? टेकू, भार आणि बल. आता कमरेत वाकून जमिनीवरची बादली उचलणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. कमरेचा मणका हा टेकू. बादली टेकूपासून, समजा, ५० सेंटिमीटर पुढे. पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या जेमतेम ५ सेंटिमीटर मागे. म्हणजे १० किलोची बादली तोलायला स्नायूंना दहापट, म्हणजे १०० किलोइतका जोर लावावा लागतो! वरच्या धडाचं वजन आणखी वेगळंच. तीच बादली अंगाशी, २० सेंटिमीटरवर धरली तर जोर ४० किलोवर येतो. खात्री करायची असेल तर दप्तर आधी छातीशी धरून उभे राहा, मग हात लांब करून धरा. कुणाला शिकवायला लागणार नाही.

म्हणून नर्सिंगमध्ये शिकवतात की पेशंटच्या अगदी जवळ उभं राहायचं, पावलं फाकवून एक पाऊल थोडं पुढे, कंबर नव्हे तर गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, आणि वजन हातात असताना कमरेत पीळ द्यायचा नाही. वळायचं तर पावलं टाकत वळायचं. पण नुसतं 'नीट वाकलं की झालं' हाही गैरसमज आहे बरं का. अवजड पेशंट एकटीने उचलायचाच नाही. दुसरीला हाक मारायची, अंगाखालच्या चादरीला धरून दोघींनी किंवा चौघींनी मिळून सरकवायचं, पलंग वरखाली होणारा असेल तर आधी तो वर घ्यायचा. मदत मागायला लाजणारी नर्स पुढे कंबर धरून बसते.

आणि गुडघे वाकवून उठायचं तर मांड्यांत बळ हवं. ते कुठून येतं? अहो, ते शाळेच्या मैदानावर फुकट मिळत होतं!

खो-खो आठवा. आठ खेळाडू पाटीवर उकिडवे बसलेले, एक पळणारा. पाठीत 'खो' मिळाला की क्षणात उठून सुसाट. उकिडव्यावरून झटक्यात उठणं हाच मांड्यांचा सर्वांत उत्तम व्यायाम, आणि पेशंटला उचलताना नेमके तेच स्नायू लागतात. या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली ठरू लागले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. त्यात मुलांचं आणि मुलींचं, दोन्ही विजेतेपदं भारताने मिळवली. मुलींच्या संघाची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे.

पण होतं काय, की मुलगी आठवी-नववीपर्यंत खो-खो खेळते. दहावी आली की "आता अभ्यास कर." अकरावी आली की "आता मोठी झालीस, मैदानावर काय जातीस?" बारावीला क्लास. म्हणजे नर्सिंगच्या दारात ती पोचते तेव्हा तिचं खेळणं सुटून तीन वर्षं झालेली असतात! नेमकं जेव्हा शरीराला कामाला जुंपायचं, त्याच्या आधी तीन वर्षं त्याला बसवून ठेवायचं. शर्यतीच्या आधी बैलाला कुणी असं खुंट्याला बांधून ठेवतं का? पालकहो, रागावू नका. पण हा हिशेब माझ्या डोक्यात कधी बसलेला नाही.

"आमच्या आजीने कुठे व्यायाम केला होता? दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन यायची!" हेही ऐकू येतं. खरं आहे. पण त्याच आजीला जवळ जाऊन विचारा, "आजी, तुझी कंबर कशी आहे?" बहुतेक आजी कमरेवर हात ठेवूनच उत्तर देतील. कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे तो हाच. कष्टांत काम ठरवतं, किती वाकायचं, किती उचलायचं, कधी थांबायचं. व्यायामात आपण ठरवतो. कष्टांत शरीराची तीच ती बाजू झिजते. व्यायामात सगळ्या बाजूंना पाणी मिळतं, आणि मधे विश्रांतीही मिळते.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. वॉर्डातली धावपळ म्हणजे व्यायाम नव्हे का? थोडासा आहे, पुरेसा नाही. वॉर्डात माणूस दहा पावलं चालतो आणि उभा राहतो, पुन्हा वीस पावलं चालतो आणि उभा राहतो. पाय दुखतात, पण हृदय आणि फुप्फुसं यांना सलग काम पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना तर दिवसाला सरासरी ६० मिनिटं! (हा आकडा वाचून क्लासचं वेळापत्रक पुन्हा एकदा बघा.) 'मध्यम' म्हणजे किती? सोपी खूण आहे. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम. गाणंही म्हणता येत असेल तर पाय उचला. बोलताही येत नसेल तर जरा दमाने घ्या.

आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे दिवसाला २१-२२ मिनिटं. आता ती २२ मिनिटं होस्टेलमध्ये काढायची कुठून?

इथेच खरी गंमत आहे, कारण ड्युटी दर काही दिवसांनी बदलते. आज सकाळची, पुढच्या आठवड्यात दुपारची, मग रात्रीची. "मी रोज पहाटे पाचला उठून पळणार" असा निश्चय ताईने केला, तर तो रात्रपाळीच्या पहिल्याच दिवशी मोडतो, आणि एकदा मोडलेला निश्चय पुन्हा उभा राहायला तयार नसतो! म्हणून व्यायाम घड्याळाला बांधू नये, झोपेला बांधावा. केव्हाही उठा; उठलं, तोंड धुतलं, पाणी प्यायलं की दहा मिनिटं. सकाळचे पाच असोत की दुपारचे तीन. उरलेली दहा-बारा मिनिटं जमतील तशी, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर झपाझपा चालून किंवा जिना चढून.

मैदान नसलं तरी अडत नाही. एका सतरंजीची जागा पुरते. सतरंजीवर काय होतं? सगळ्यांत आधी सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा एवढा ध्यास घेतला होता की त्यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांत सुरू केले, आणि १९२८ साली त्यांवर पुस्तकही लिहिलं. स्वतः राजा नमस्कार घालतो म्हटल्यावर विद्यार्थ्यांना आळस करायची सोय कुठली! सूर्यनमस्कारात पाठ पुढे वाकते, मागे वाकते, हातांवर वजन येतं, पाय ताणले जातात. दिवसभर पुढेच वाकणाऱ्या नर्सच्या पाठीला मागे वाकायला मिळणं, हाच त्यातला मोठा फायदा. सहा घालायला पाच मिनिटंही लागत नाहीत. रोज एकेक वाढवत बारापर्यंत न्यावेत.

दुसरं म्हणजे उठाबशा. बिचाऱ्या उठाबशा! शाळेत शिक्षा म्हणून वापरून वापरून त्यांचं नाव बदनाम झालं. तालमीत त्यांनाच बैठका म्हणतात आणि पैलवान हौसेने मारतात. पंधरा-पंधराच्या दोन फेऱ्या पुरेत. तिसरं, जोर. जमिनीवर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून मारावेत, मग टेबलाला, मग महिन्या-दीड महिन्याने जमिनीवर. मघाचा उशीचा प्रयोग आठवतो ना? जोर मारणाऱ्या मुलीने तो दोन महिन्यांनी पुन्हा करून पाहावा.

आणि दोरी. पाच मिनिटं दोरीवरच्या उड्या म्हणजे हृदयाला चांगलाच व्यायाम. मात्र टणक फरशीवर अनवाणी मारू नयेत. बूट घालावेत किंवा मातीत माराव्यात, आणि उंच उडायची गरज नाही. दोरी पायाखालून गेली म्हणजे झालं. गुडघे आधीच दुखत असतील त्यांनी उड्यांच्या जागी चालणं ठेवावं. पाळीच्या दिवसांत व्यायाम बंद ठेवलाच पाहिजे असं नाही. बरं वाटत असेल तर चालावं, हलके व्यायाम करावेत, फार दुखत असेल तर विश्रांती घ्यावी. इतकं साधं आहे ते.

ड्युटीवर उभ्या उभ्याही एक गोष्ट करता येते. फार वेळ एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, पाय सुजतात, काहींच्या शिरा पुढे फुगतात. पोटऱ्यांचे स्नायू हलले की ते रक्त वर ढकललं जातं. म्हणून औषधांचा ट्रे लावताना, नोंदी लिहिताना टाचा वर उचलायच्या, खाली टेकवायच्या. दहा वेळा. कुणाला कळतही नाही! सकाळच्या प्रार्थनेला रांगेत उभे असताना तुम्हीही करून पाहा. (बाई रागावल्या तर माझं नाव सांगू नका.)

नर्सने पायांची नासाडी करू नये, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलला फार लवकर कळलं होतं. हातात दिवा घेतलेलं तिचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. क्रिमियाच्या युद्धाच्या आधी, १८५३ साली, ती लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर एका छोट्या रुग्णालयाची प्रमुख झाली. तिथे जायच्या आधीच तिने मागण्या काय केल्या? प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी आलं पाहिजे, आणि जेवण वर चढवायला दोरावर चालणारा पाळणा बसवला पाहिजे. नर्सचे पाय सतत जिने चढण्या-उतरण्यातच गेले तर ती पेशंटकडे बघणार कधी, असा तिचा मुद्दा होता. १८६० साली तिच्या नावाची परिचारिकाशाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली. त्या वेळी मात्र ती स्वतः बराच काळ अंथरुणावरच असे. क्रिमियात तिला कडक ताप आला होता, आणि त्यातून तिची प्रकृती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. व्यायाम केला असता तर तो ताप आला नसता, असं मुळीच नाही. पण दुसऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बाईचं स्वतःचं शरीर किती सहज खर्ची पडतं, ते तिच्या गोष्टीत दिसतं.

आपल्याकडेही पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने, ते १९०९ साली सुरू झाल्यावर काही वर्षांतच, स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली. त्यांत विधवाही होत्या. घरंदाज बायकांनी परक्यांची शुश्रूषा करायची, ही कल्पनाच तेव्हा लोकांना सहन होत नसे. आज मुलीला स्टेशनवर पोचवायला सगळं घर येतं, तेव्हा शंभर वर्षांत केवढा फरक पडला ते कळतं.

पण नुसत्या व्यायामाने भागत नाही, पोटात काय जातं तेही पाहायला हवं. होस्टेलमध्ये सकाळी उशीर झाला की चहा-बिस्किटांवर ड्युटी गाठणाऱ्या मुली पुष्कळ. दुपारी एक-दोनपर्यंत पोटात दुसरं काही नाही. मग भोवळ येते आणि पेशंटच्या शेजारच्या पलंगावर नर्सलाच झोपवायची पाळी! आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींमागे एकीहून जास्त! हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की या वयाच्या मुलीला रक्तक्षय आहे असं मानतात. अशी मुलगी जिना चढताना धापा टाकते, आणि घरचे म्हणतात, "आळशी झाली." आळशी नसते हो ती. हिमोग्लोबिन कमी म्हणजे रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी. तिच्याकडून जोर-बैठका काढून घेण्याआधी रक्त तपासून घ्यावं.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, ती याचसाठी. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची. चोरून खिडकीबाहेर टाकणारे वीर प्रत्येक वर्गात असतात, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा! आणि मराठवाड्याचं आपलं जेवण काही कमी नाही. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, तुरीचं वरण, मेथी-अंबाडीची भाजी, शेंगदाणे, तीळ, मोड आलेली मटकी. त्यावर लिंबू पिळलं की पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह शरीराला नीट घेता येतं. उलट जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला की ते घेता येत नाही. म्हणजे चहा सोडा असं नाही (धर्माबादेत असं कोण ऐकणार?), जेवणानंतर तास-दीड तासाने घ्या. सकाळच्या ड्युटीसाठी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा रात्रीच डब्यात भरून ठेवावा. दहा मिनिटं उशीर झाला तरी पोट रिकामं राहत नाही.

रात्रपाळीचं मात्र जरा अवघड प्रकरण आहे. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं. ते पेशींच्या आत कसं चालतं हे शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकल रॉसबाश आणि मायकल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हे घड्याळ उजेडावर चालतं. आपण जागे राहायचं ठरवलं म्हणून ते ऐकत नाही. पहाटे तीन ते पाच या वेळात अंगाचं तापमान सर्वांत खाली उतरतं, डोळे मिटतात, आणि चुका व्हायची भीती तेव्हाच जास्त. रात्रपाळी करून आलेल्या ताईने लगेच बैठका मारू नयेत. आधी झोपावं. खिडकीला जाड पडदा किंवा जुनी सतरंजी लावून, फोन बंद करून. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारची झोप लागणं कठीण, हे मान्य. ओला पडदा, पंखा, जे जमेल ते करावं. आणि उठल्यावर दहा मिनिटं सतरंजीवर. आई-बाबांनीही एक करावं. तिची ड्युटी कोणती ते विचारून घ्यावं, आणि सकाळी अकराला "जेवलीस का?" म्हणून फोन करू नये!

रात्रपाळीत काय प्रसंग येईल ते सांगता येत नाही. मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ड्युटीवर होत्या. त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका. दहशतवादी रुग्णालयात शिरले, गोळ्यांचे आवाज येऊ लागले. कुलथे यांनी वॉर्डाची जाडजूड दारं लावून घेतली, त्या विसाही जणींना टोकाच्या लहानशा खोलीत नेऊन बसवलं आणि दिवे मालवले. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. बाहेर गोळीबार चालू असताना त्यांनी तिला आधार देत, भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिकक्षापर्यंत नेलं. ते बाळ सुखरूप जन्मलं. पुढे कोर्टात त्यांनी साक्षही दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीची हकिकत सांगितली. धैर्य हा त्यांचा मोठा गुण, यात शंकाच नाही. पण अवघडलेल्या वीस बायकांना हलवणं, कळा देणाऱ्या बाईचा भार खांद्यावर घेणं, आणि सगळी रात्र पायांवर उभं राहणं, हे सगळं धैर्याने शरीराकडूनच करून घेतलं ना?

सगळ्याच काही मुंबईला जात नाहीत. एएनएम झालेली ताई उद्या आपल्याच तालुक्यात उपकेंद्रावर येईल. सपाट प्रदेशात साधारण पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, त्यातली सगळी गावं-तांडे तिचे. लसीकरणाच्या दिवशी खांद्याला बर्फाच्या पट्ट्या घातलेला लसीचा डबा, आणि पावसाळ्यात आपली काळी माती! एकेका पावलाला किलो-किलो चिखल. धर्माबादच्या मुलीला मराठी येतं आणि तेलुगूही बऱ्यापैकी कळतं, त्यामुळे सीमेवरच्या गावांत तिच्याशी बोलायला बायाबापड्या मोकळ्या होतात. बोलणं जमलं, चालणंही जमायला हवं.

आणि मुलांनो, तुम्ही इतका वेळ "हे मुलींचं आहे" म्हणून पान उलटायच्या बेतात असाल, तर थांबा. नर्सिंगला मुलगेही जातात, दवाखान्यात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. अंगात ताकद आहे म्हणून सगळे अवजड पेशंट ब्रदरलाच उचलायला सांगतात. मग सर्वांत आधी कंबर धरते ती त्याचीच! तरफेचा नियम मुलगा-मुलगी बघत नाही.

तर ट्रंक बंद करण्याआधी दोरी आणून ठेवा. दुकानात मुठीची दोरी मिळते. घेताना ताईलाच बरोबर न्या, कारण लांबी तिच्या उंचीप्रमाणे लागते. दोरीच्या मधोमध पाय ठेवून उभं राहायचं आणि दोन्ही टोकं ताठ वर ओढायची. मुठी काखेपर्यंत आल्या की माप बरोबर. लांब असेल तर गाठ मारून कमी करता येते. घरीच करायची तर सुती दोर घ्या, बोटाएवढा जाड. मिरचीच्या पोत्याची सुतळी नको. ती इतकी हलकी असते की हवेत फिरतच नाही, आणि पायात अडकली की ताई नांदेडला पोचायच्या आधीच पेशंट व्हायची!